गळ्यातला आणि खिशातला

धाकटी : नाही, तू आधी हा कॅमेरा हातात धर आणि मग बोल. साबणाच्या वडीएवढा आहे की नाही?

दादा : आहे ना. सटकायलाही साबणासारखाच. धरायचा कुठे हा? माझा बघ, मूठ बसायला खोबण आहे. वापरून वापरून इथलं रबर माझ्या बोटांच्या मापाचं झालंय.

धाकटी : आणि मान कसल्या मापाची झालीय? पट्ट्याचा वळ उठलाय गळ्यावर. धोंडा बांधून हिंडतोस नुसता.

दादा : धोंडा तर धोंडा. ह्याच्या खिडकीला डोळा लावला की समोरचं माणूस खरोखरचं दिसतं, आत आरसा आहे. तुझ्याकडे पडद्यावरचं चित्र. उन्हात तेही नाही, आपलंच नाक दिसतं त्यात.

धाकटी : मला कुठे माणसं टिपायचीत? मी टिपते बांधकामावरच्या भिंतींच्या भेगा. शिडीवर उभी, टॉर्च दातात, एक हात वर आणि दुसऱ्यात कॅमेरा. तुझा धोंडा घेऊन चढले तर भेग राहील बाजूला, पंचनामा माझाच व्हायचा.

दादा : तेच म्हणतोय मी. भेगांना छान आहे. आजच्या कामाला नाही चालणार. तलावाच्या मॅनेजरबाईंना आईचा फोटो मोठा करून भिंतीवर लावायचाय. दारातून आत शिरलं की पोहायला शिकवणाऱ्या सगळ्यांचे चेहरे, एका रांगेत. आईची चौकट तेवढी रिकामी ठेवलीय त्यांनी.

धाकटी : किती वेळा निरोप आला त्यांचा?

दादा : काल स्वतः आल्या होत्या दुकानात. म्हणाल्या, तुम्ही स्वतः फोटोग्राफर, आणि आईचा एक फोटो मिळेना तुम्हाला? मी काय सांगणार? लकव्याने तोंड वाकडं झाल्यापासून आईने एक फोटो काढू दिला नाही म्हणून?

धाकटी : आज सकाळी काय झालं? बॅग घेऊन तिच्या खोलीत गेलास ना?

दादा : बॅगेची चेन वाजली आणि ती उठली. तोंडावर हात घेतला, म्हणाली, कपडे वाळत घालायचेत. कपडे आधीच वाळत घातले होते गं तिने. मी बघत होतो.

धाकटी : मग हे बघ. थांब, मागे जाऊ दे… हा. हा बघ.

दादा : कुठला? हा तलाव आहे?

धाकटी : रविवारी आई आणि मी तुझ्या लेकीला घेऊन गेलो होतो ना, तेव्हाचा. टिंगी तोंड पाण्यात घालेना. काठावर भोकाड. आई बाकावर बसली होती, नुसती बघायला म्हणून आलेली. तिथून दोनतीनदा ओरडली, ‘फुगे सोड, फुगे सोड’ म्हणून. मग उठली आणि अंगावरच्या कपड्यांनिशी उतरली पाण्यात.

दादा : कपड्यांनिशी?

धाकटी : तरातरा. आणि टिंगीसमोर तोंड बुडवून फुगे काढायला लागली. पण तिचा डावा ओठ मिटतो कुठे? एका बाजूने फुगे, दुसऱ्या बाजूने चूळ. पाण्याची नुसती पिचकारी. टिंगी खदाखदा हसली आणि मग आईही. हा कॅमेरा खिशात होता, काढला आणि दाबलं. आवाज नाही, काही नाही.

दादा : दे बघू इकडे.

धाकटी : बोल की. काही चुकलंय का? हललाय?

दादा : मोठा कर जरा. अजून. कोपऱ्यांत दाणे आलेत, अंधार होता म्हणून. मागचं सगळं गिचमिड, तो लाल डबा उगाच मध्ये आलाय…

धाकटी : डबा राहू दे. आई बघ.

दादा : आईच बघतोय. इतकी वर्षं तिचे फोटो काढले मी. वाढदिवसाला, माझ्या लग्नात, दुकानाच्या पहिल्या दिवशी. प्रत्येकात ती फोटोसाठी बसलेली. पाठ ताठ, हनुवटी वर. ही अशी एकदाही नाही सापडली मला.

धाकटी : मग झालं तर. हाच पाठवू. इथून फोनवर घेते आणि मॅनेजरबाईंना…

दादा : थांब. आईला माहीत आहे का?

धाकटी : विचारलं तर नाहीच म्हणणार ती.

दादा : म्हणजे माहीत नाही.

धाकटी : दादा, तुझा कॅमेरा दिसला की ती पळते. हा दिसत नाही, म्हणून सापडली. चांगलंच झालं की.

दादा : माझा दिसतो म्हणून ती नाही तरी म्हणू शकते गं. मी तो डोळ्याला लावला की समोरच्याला कळतं, आता फोटो निघणार. कुणी केस सारखे करतं, कुणी तोंड फिरवतं. तुझ्या ह्या वडीला नाही म्हणायचं कधी?

धाकटी : भिंतीवर तिचा हसरा चेहरा लागेल, ती परत शिकवायला लागेल, एवढंच मला कळतं. नाहीतर बसेल इथेच खिडकीशी. डोळ्यांत थेंब, ओठांची ती कवायत, पुन्हा थेंब.

दादा : आणि दारातून आत शिरताना तिला तो अचानक दिसला तर? तोंडातून पाणी गळतंय तिच्या. आपल्याला ती गोड दिसते. तिला काय दिसेल?

धाकटी : तिलाही…

(आई दारात उभी आहे. हातात वाळलेले कपडे.)

आई : काय दिसेल मला?

धाकटी : आई! तू कधी आलीस?

आई : ‘बसेल इथेच खिडकीशी’पासून. चष्मा दे तो. टेबलावर आहे, तुझ्या कोपराखाली. आण इकडे.

दादा : आई, आधी बस तर खरी.

आई : उभी आहे ती ठीक आहे. कुठे बघायचं? ह्या एवढ्याशा काचेत?

धाकटी : हो. दोन बोटांनी असं केलं की मोठं होतं.

आई : (दोन बोटांनी फोटो मोठा करते.)

धाकटी : आई, रागावलीस?

आई : गप्प बस जरा. बघू दे.

दादा : नको असेल तर तसं सांग, आई. कुणाकडे गेलेला नाही अजून.

आई : आरशात अर्धाच चेहरा बघते मी. उजव्या बाजूने. केस विंचरते आणि बाजूला होते. हे सगळं असं दिसतं, हे माहीत नव्हतं.

धाकटी : किती छान हसते आहेस बघ ना.

आई : मला विचारलं होतंस?

धाकटी : नाही.

आई : पुसून टाक.

धाकटी : आई, प्लीज. कुठे पाठवत नाही, घरात राहू दे नुसता.

आई : पुस म्हटलं ना.

दादा : आई, ऐक. आत्ता मीच तिला म्हणत होतो की विचारायला हवं होतं. पण हा पुसू नकोस. असा फोटो पुन्हा नाही निघणार. मी हे काम करतो, मला कळतं. हवा तर पाकिटात घालून माझ्या कपाटात ठेवतो, कुणी बघणार नाही.

आई : तू बघशील.

दादा : हो. मी बघेन.

आई : तेच नकोय. कुठलं बटण?

धाकटी : ते, कचऱ्याच्या डब्याचं चित्र आहे ते. आई, एकदा…

आई : दाबलं. आता विचारतोय, नक्की का म्हणून. त्यालाही विचारता येतं म्हणजे. नक्की. गेला?

धाकटी : गेला.

दादा : खरं सांगायचं तर अगदी गेला नाही. कार्डातून परत काढता येतो, प्रयत्न केला तर.

धाकटी : दादा! कशाला सांगितलंस?

दादा : तिला वाटायला नको की गेला.

आई : काढणार आहेस?

दादा : नाही.

आई : मग गेला. सरक, बसू दे. चहा गार झाला वाटतं तुमचा? राहू दे, तसाच दे. पेला नको, तो कप दे, जाड काठाचा. पातळ काठावरून ओघळतो मला.

धाकटी : आई, सॉरी.

आई : असू दे. टिंगीने डोकं घातलं होतं म्हणजे.

धाकटी : काय?

आई : पाण्यात. त्या फोटोत तिच्या भुवयांवरून पाणी निथळत होतं, पापण्या चिकटलेल्या. शिंतोड्यांनी होत नाही तसं. मी चूळ सांडत बसले आणि तेवढ्यात पोरीने डोकं बुडवून वर काढलं. मी बघितलंच नाही!

दादा : रविवारपासून ती तेच सांगतेय सगळ्यांना. आम्हाला वाटलं थापा मारतेय.

आई : थापा नाहीत. मी इतक्या पोरांना शिकवलंय, ओल्या पापण्या ओळखते. आता लगेच तरंगायला घ्यायला हवं तिला. एकदा डोकं बुडवलं की दुसऱ्या आठवड्यात भीती परत येते, मधे खंड पडला तर. कोण घेतंय सध्या लहान मुलांना?

धाकटी : तो नवा मुलगा. उंच आहे बघ, काठावरच उभा असतो सारखा.

आई : काठावरून काय शिकवणार? कपाळ.

दादा : तूच ये ना मग.

आई : शिट्टी वाजत नाही रे. न्हाणीघरात नळ सोडून रोज करून बघते. हवा डावीकडून निघून जाते, नुसता फुस्स. ‘प’ म्हणायला गेले तर ओठ जुळत नाहीत. ‘पाय मार, पाय मार’ हे दिवसातून शंभरदा म्हणावं लागतं. पोरं हसतील.

धाकटी : टिंगी हसली.

आई : हो. हसली आणि डोकं घातलं.

धाकटी : साइटवर मिक्सर चालू असला की माझी शिट्टीही कुणाला ऐकू येत नाही. मग मी पत्र्यावर पाइप आपटते. सगळे वर बघतात.

आई : पाइप आपटते म्हणे! तलाव आहे तो, लोहारकाम नाही. टाळ्या वाजवेन फार तर. ओल्या हातांच्या टाळ्या लांबवर जातात.

दादा : म्हणजे येणार?

आई : सावकाश. घाई नको करूस मला. बाईंना फोटो कधीपर्यंत हवाय?

दादा : तू म्हणशील तेव्हा. आत्ता काढू? तिचा छोटा वापरू हवा तर. त्याची भीती नाही वाटायची, समोर काही आहे असं वाटतच नाही.

आई : तो नको. त्याचं काही कळत नाही, कधी काढला, कधी संपलं. किती वेळ तोंड धरून बसायचं? तुझा काढ बाहेर. तो वाजतो तरी. खटॅक झालं की मला कळतं, झालं.

धाकटी : ऐकलंस? धोंडा जिंकला.

दादा : जिंकायचं काय त्यात. खिडकीशी बस, आई. खुर्ची जरा तिरकी. उजवा गाल माझ्याकडे. हो, अशी. आता हात खाली घे.

आई : कुठला हात?

दादा : तोंडावरचा.

आई : अरे हो. सवयच लागलीय मेली. हं.

दादा : वर बघ. खिडकीकडे. घेतो.

आई : वाजला. दाखव.

दादा : हे बघ. ह्या बाजूने काही कळतसुद्धा नाही. मागचं सगळं विरघळलंय, बघ, नुसती तू.

धाकटी : मस्त आलाय, आई. जुन्या फोटोंसारखा.

आई : जुन्यासारखाच आलाय. ही बाई शिट्टी वाजवू शकते असं वाटतं. पोरं आत येऊन हिलाच शोधत बसतील. खुर्ची सरळ कर.

दादा : म्हणजे समोरून?

आई : समोरून.

दादा : आई, ह्याची लेन्स फार स्पष्ट आहे. ओठ, डोळा, सगळं येईल. नंतर म्हणशील, आधी सांगितलं नाहीस.

आई : सांगितलंस ना आता? तर मग. डोळ्यात थेंब घालून घेते, कोरडा पडलाय. घातले. हसायला सांगू नकोस. शिकवताना मी हसत नाही.

धाकटी : शिकवताना तू ओरडतेस.

आई : ओरडणाऱ्या बाईचाच फोटो आहे. पट्टा बाजूला घे रे, लोंबतोय मधे. हात कुठे ठेवू?

दादा : मांडीवर. हां. आई, एकदा शेवटचं विचारतो. हा भिंतीवर लावायचा. येणारी जाणारी सगळी पोरं थांबून बघतील.

आई : बघू देत. दारातच काय ते पोटभर बघून घेतील. मग पाण्यात उतरल्यावर लक्ष पाण्याकडे राहील. काढ.