पेनल्टी आणि पाचची ट्यूशन

त्या जोशीचं नाव काढू नका, माझं डोकं अजून फिरतं. इथे यूएईत, अल ऐनमध्ये आमच्या मुलींच्या शाळेची त्या दुसऱ्या इंडियन शाळेशी फुटबॉल मॅच होती. तीन वर्षं त्यांच्याकडून हरतोय. यंदा एक-एक बरोबरी, शेवटची दोन मिनिटं, आणि आपल्याला पेनल्टी! मारणार जोशीचीच रिया, आमची कॅप्टन. तिने बॉल ठेवला आणि हा बाबा थेट मैदानात घुसला.

"रिया, यल्ला, चल लवकर! पाचला मॅथ्सची ट्यूशन आहे."

"पप्पा, जस्ट वन किक!"

"सर वाट बघत असतील. बोर्डाचं वर्ष आहे."

मी ओरडलो, "अहो जोशी, एक किक मारू द्या की पोरीला!"

ऐकतोय कोण? हात धरून गाडीत घातली. पेनल्टी दुसऱ्या मुलीने मारली, ती गेली बाहेर. लगेच त्यांनी गोल केला. खलास!

समोर त्यांचे लोक नाचायला लागले. सगळ्यात पुढे कोण? रियाचे ट्यूशनचे सर! नोकरी त्याच शाळेत ना त्यांची.

पंधरा मिनिटं झाली तरी नाच थांबेना, तेव्हा मी तिथूनच जोशीला फोन लावला.

"सरांच्या दारात उभे आहोत," तो म्हणाला, "बेल वाजवतोय, कुणी उघडतच नाही."

"वाजवत बसा," म्हटलं, "सर इथे तुमच्या पेनल्टीवर नाचतायत."