शेवटचं प्रकरण आणि भिकू

अजून आठवलं की डोकं फिरतं. चहा घ्या आणि तुम्हीच सांगा, माझी चूक काय?

महाडच्या बाजारातून मी एक रहस्यकथा आणली. मुंबईच्या कॉलेजात खून होतो आणि खुनी रोज निवांत त्याच कॉलेजात वावरतो. पोलादपुरात आमच्या ओटीवर मी ती मोठ्यानं वाचायचो, सगळी आळी ऐकायला जमायची. शेवटचं प्रकरण तेवढं उरलं आणि गणपतीला आलेला शेजारचा भिकू दासगावला बोट धरून परत मुंबईच्या गिरणीत गेला.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक उघडलं, तर आत्यानं ते हातातून काढून घेतलं.

"समाप्तीला सगळे ऐकणारे पायजेत. भिकू येऊ दे."

"आत्या, ही पोथी नाही!"

"ओटीवर बसून चार माणसांत वाचलीस ना? मग पोथीच."

तिनं ती फडक्यात बांधून देव्हाऱ्यात ठेवली. तिच्या देव्हाऱ्याला हात लावायची कोणाची छाती? शिमग्यापर्यंत मी नुसता धुमसत होतो.

शिमग्याला भिकू आला. आळी जमली, आत्यानं नारळ फोडला. मी पान उघडतो तोच भिकू म्हणाला, "अरे, खून त्या संस्कृतच्या मास्तरानं केलाय. मला दम नाय निघाला. मुंबईला गेल्या गेल्या तीच गोष्ट विकत आणून खोलीतल्या एकाकडनं वाचून घेतली."

मी पुस्तक मिटलं. आत्या कडाडली, "नारळ फुटलाय. वाच!"

दातओठ खात मी सगळं प्रकरण वाचलं. पानापानाला भिकू मान डोलवत होता, "सांगितलं का नाय?"

त्या ओटीवर त्या दिवशी दुसरा खून कसा झाला नाही, हे रहस्य मला अजून उलगडलेलं नाही.