अर्धं मत आणि चौथं गाणं

...आणि अर्धं म्हणजे किती हो अर्धं? मत अर्धं कसं देतात, मला सांगा. हात कोपरापर्यंतच वर करायचा? तर हो, तसाच करायचा. सव्वीस वर्षं मी ज्या बँडची गाणी ऐकतेय त्याच बँडच्या चाहत्यांच्या मंडळात मला अर्धं मत, आणि दरवर्षी मी आपली कोपरापर्यंत हात वर करून बसते, शाळेत बाहेर जायची परवानगी मागताना बसतात तशी. आमचा अध्यक्ष इलेक्ट्रिशियन आहे, त्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत आम्ही सात जण रविवारी सकाळी वायरींच्या भेंडोळ्यांवर बसतो, तर तो कानामागची पेन्सिल काढून गंभीरपणे मोजतो, "लाइव्ह, सहा. अल्बम... अर्धा." ते 'अर्धा' म्हणताना तो माझ्याकडे असा बघतो ना, जसा काही मीच फ्यूज उडवलाय.

का, तर मी त्यांचा कार्यक्रम प्रत्यक्ष एकदाही बघितलेला नाही. अहो नाही बघितला. मी घरात ऐकणारी बाई. आहे ते आहे.

थांबा, बँडचंच सांगायचं राहिलं. बँडचं नाव स्टेपनी. चौघं जण एका गॅरेजमध्ये गाड्या दुरुस्त करायचे, काम संपलं की शटर खाली आणि आत धिंगाणा सुरू. ड्रमवाला अजूनही दिवसा क्लचप्लेटा बदलतो म्हणे. आवाज कसा, तर पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं कुणीतरी लोखंडी कपाटासकट जिन्यावरून गडगडत येतंय. पण तालात गडगडतंय, तिथे गंमत आहे. आणि त्यांच्या चाहत्यांत वाद एकच, देव आहे की नाही त्याच्याही आधीचा वाद, की स्टेपनी खरी कुठली, अल्बममधली की स्टेजवरची? दोन पक्ष आहेत. लाइव्हवाले सहा आणि अल्बमवाले म्हणजे मी. पक्षाध्यक्षही मी, कार्यकर्तीही मी आणि सतरंजी उचलणारीही मीच.

आणि लाइव्हवाल्यांची म्होरकी कोण, माहितीये? माझी सख्खी नणंद. म्हणजे बाहेर कुठे जायला नको, घरचंच भांडण. ती गाडी चालवायला शिकवते. दिवसभर दुसऱ्याच्या चुकांवर आपला ब्रेक दाबून बसायचं आणि वर शांतपणे म्हणायचं, "आता हळूच क्लच सोडा." अशी बाई संध्याकाळी कुठेतरी ओरडणारच की. एकतीस कार्यक्रम झालेत तिचे. प्रत्येक वेळी मनगटाला लावायची ती कागदी पट्टी असते ना, ती कापून खणात ठेवते, सोनं ठेवतात तशी. आणि मला ऐकवते, "वहिनी, अल्बम म्हणजे जेवणाचा फोटो गं. फोटो बघून कुणाचं पोट भरलंय का?" मग मीही सोडत नाही, मी म्हणते, "आणि तुझं लाइव्ह म्हणजे काय? पुढच्या माणसाचं टक्कल. एकतीस टकलं बघितलीस तू, गाणं कुठे बघितलंस?" आमचे हे मध्ये बसलेले असतात. ते म्हणतात, "मला दोन्ही सारखंच ऐकू येतं, भिंतीपलीकडून." ह्यांचं सगळं असंच, भिंतीपलीकडून.

बरं, माझीही बाजू बघा ना. मी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. नावं पुकारायची, पुढच्या तारखा द्यायच्या, आणि आतून दिवसभर ते ड्रिल घूंऽऽ घूंऽऽ. लोक आत जातानाच इतके ओरडतात की स्टेजबिजची गरजच नाही, लाइव्ह मी रोज ऐकते. संध्याकाळी मला आवाज माझ्या हातात पाहिजे. बटण माझं, खुर्ची माझी, चहा माझा. मी घरात ऐकणारी बाई.

हे झालं मंडळात सांगायचं कारण. खरं वेगळंच आहे, ते तुम्हाला सांगते.

त्यांचा पहिला अल्बम आला तेव्हा मी एकोणीस वर्षांची. घेणं शक्य नव्हतं, मग माझ्या मोठ्या भावाच्या मित्राकडून तासाभरासाठी मागून आणला, त्याच्या प्लेअरसकट. तो मित्र दारात उभा, पायात चप्पल तशीच, "झालं का? झालं का?" मी स्पीकरसमोर टेपरेकॉर्डर ठेवला, कोरी कॅसेट घातली, दोन बटणं एकदम दाबली आणि घरातल्या सगळ्यांना सांगितलं, एक शब्द बोलायचा नाही. सगळे गप्प. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथ्या गाण्यात काय आहे, सगळं कपाट गडगडत येतं आणि मध्येच थांबतं. एकदम शांत. एक, दोन, तीन मोजायचे, मग परत धाडकन. तर त्या तीन मोजायच्या शांततेत, अगदी बरोब्बर त्यात, गॅलरीत कपडे वाळत घालणारी माझी आई ओरडली,

"गॅस बंद कर गं, दूध वर आलं!"

आणि धाडकन गाणं पुढे सुरू.

मी इतकी रडले म्हणून सांगू. परत करायला वेळ नाही, मित्र दारात, प्लेअर गेला. आई म्हणते, "अगं ती पातेली पडल्यासारखी गाणी, त्यात माझं एक वाक्य काय जड झालं?" आठ दिवस मी बोलले नाही तिच्याशी. पंधराव्या दिवशी सवय झाली. आणि वर्षभराने एका मैत्रिणीकडे तेच गाणं ऐकलं, स्वच्छ, बिनदुधाचं, तर काय झालं सांगू का? जिना उतरताना एक पायरी कमी निघते ना, तसं झालं. पाय हवेत. मला वाटलं, हिची कॉपी खराब आहे.

आई जाऊन आता नऊ वर्षं झाली. तिचा आवाज दुसरा कुठे नाहीये हो माझ्याकडे. फोटो ढीगभर आहेत, पण सगळ्या फोटोंत तिनं तोंड मिटलेलं, दात दिसतील म्हणून. आणि दोन वर्षांपूर्वी त्या टेपरेकॉर्डरने कॅसेट खाल्ली. कुठे खाल्ली असेल? पेन्सिल घालून गुंडाळली, चिकटवली, पण चौथ्या गाण्यात आता नुसतं घरघर. तेव्हापासून मी फोनवर ऐकते, ती स्वच्छवाली, आणि ती जागा आली की मीच म्हणते. भाजी चिरताना म्हणते, रस्त्यानं चालताना म्हणते, एकदा काउंटरवर म्हटलं तर दाढ काढायला आलेला माणूस उठून घरीच गेला. माझी मुलगी सोळा वर्षांची होईपर्यंत समजत होती की ती गाण्याचीच ओळ आहे.

आता हे मंडळात कसं सांगायचं? वायरीच्या भेंडोळ्यावर बसून? म्हणून मी आपली कोपरापर्यंत हात.

तर झालं काय, यंदा नणंद पास घेऊन आली. दोन. म्हणाली, "वहिनी, हा कार्यक्रम ते रेकॉर्ड करणार आहेत, लाइव्हचा अल्बम निघणार. तू चल. तो अल्बम आपण मंडळात बसून ऐकू, आणि त्यानंतरही तू म्हणालीस की घरातलंच बरं, तर तुला पूर्ण मत आणि हा विषय कायमचा बंद. पण लाइव्ह आवडलं तर सगळ्यांसमोर, अख्खा हात वर." मी म्हटलं, येते. घाबरते की काय? हे म्हणाले, "जा, मी घर बघतो," आणि लगेच झोपले.

संध्याकाळी सहा वाजता, एक जुनं गोदाम, बसायला खुर्ची नाही, सहाशे माणसं उभी, आणि माझ्यासमोर, तुम्हाला खोटं वाटेल, टक्कल. मी नणंदेला दाखवलं. ती म्हणाली, "गप." आता मी पूर्ण तयारीनिशी गेले होते. दवाखान्यातून कापसाचे ते लांबट बोळे घेतले होते, डॉक्टर गालात ठेवतात ना दाताशेजारी, ते, आणि दोन्ही कानांत एकेक घट्ट बसवला. नणंद म्हणाली, "शोभा करतेस वहिनी." मी म्हटलं, "काय म्हणालीस?"

सुरू झालं. खरं सांगते, बोळ्यांतूनही ते पोटात वाजत होतं. जमीन वाजत होती, माझ्या चष्म्याच्या काचा वाजत होत्या. मी हलत नव्हते हं, मला हलवलं जात होतं. मी मनात म्हणत होते, हे काही खरं नाही, मी घरात ऐकणारी बाई. आणि चौथं गाणं आलं.

आलं, गडगडत आलं, आणि थांबलं. सहाशे माणसं श्वास धरून. एक...

आता माझा दोष काय ते सांगा. कानाला सवय सव्वीस वर्षांची, जिभेला दोन. त्यात कानात बोळे, आपण किती जोरात बोलतोय हे आपल्याला कळतं का? मला वाटलं पुटपुटले.

"गॅस बंद कर गं, दूध वर आलं!"

ड्रमवाल्याची काठी वरच राहिली. हो, वरच. एक गिटारवाला दुसऱ्या गिटारवाल्याकडे बघतोय. पुढचं टक्कल मागे वळलं, पहिल्यांदाच त्याचं तोंड दिसलं, बरा होता माणूस. नणंदेने एकतीस कार्यक्रमांची अब्रू दोन्ही हातांत धरून तोंड झाकून घेतलं. आणि तो गाणारा माइकजवळ आला, घाम पुसला, आणि विचारतो, "कुणाचं दूध?"

मी हात वर केला. कोपरापर्यंत. सवय.

तो हसला नाही हो. त्याने मागे वळून बोट गोल फिरवलं, म्हणाला, "पहिल्यापासून." आणि परत वाजवायला लागले, तेच गाणं, परत कपाट, परत जिना, आणि मी म्हटलं आता जीभ चावून धरीन पण बोलणार नाही. थांबले. एक. आणि त्या सहाशे माणसांनी, टकलासकट, एका आवाजात,

"गॅस बंद कर गं, दूध वर आलं!"

मी बोळे काढले. उशीरच झाला होता, तोपर्यंत धाडकन झालं होतं, पण काढले. नणंद माझ्या कानाशी ओरडली, "वहिनी, हे काय होतं गं?" मी तिच्या कानात ओरडून सांगितलं. आईचं, कॅसेटचं, घरघरीचं, सगळं. सव्वीस वर्षं कुणाला सांगितलं नाही ते त्या गोंगाटात ओरडून सांगितलं, आणि ती ड्रायव्हिंगवाली, जिचा पाय कधी ब्रेकवरून हलत नाही, ती माझा हात धरून उभी राहिली ती शेवटच्या गाण्यापर्यंत.

तीन महिने थांबलो आम्ही त्या अल्बमसाठी. तीन महिने मी मनात म्हणतेय, चला, आईचं वाक्य आता पक्कं झालं, आता कुठलं यंत्र खाणार नाही. रविवार आला. मागची खोली, सातही भेंडोळी भरलेली, इलेक्ट्रिशियनने स्पीकर जोडले. चौथं गाणं आलं, थांबलं. एक, दोन, तीन.

स्वच्छ.

काही नाही. एक खोकला नाही. कुणीतरी कुठेतरी बसून झाडून पुसून काढलेलं. इलेक्ट्रिशियन उठला, म्हणाला, "थांबा, वायर बघतो," आणि सगळ्या वायरी हलवून बघितल्या बिचाऱ्याने, जसं काही वाक्य वायरीत अडकलंय.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. कबूल केलं होतं ना. सव्वीस वर्षं मी अल्बमची बाजू लढवली आणि अल्बमनेच माझ्या आईला बाहेर काढलं. आणि ज्या लाइव्हला नावं ठेवली तिथे सहाशे जणांनी तिला आत घेतलं. मी हात वर केला. पूर्ण. लाइव्हला.

आणि नणंद काय म्हणाली? "हात खाली घे वहिनी. हे असं नाही जिंकायचं मला." मी म्हटलं, "घे ना जिंकून, एकतीस टकलं बघितलीस." ती म्हणाली, "बत्तीस. आणि मी लिहिणार आहे त्यांना, माझ्या वहिनीचं दूध कुठे गेलं म्हणून." लिहिलंही. उत्तर आलं, ते सांगतात की ध्वनिमुद्रणाच्या दर्जासाठी बाहेरचे आवाज काढावे लागतात. बाहेरचे! माझी आई, बाहेरची.

मग मी काय केलं, ते ऐका. इलेक्ट्रिशियनने माझा जुना टेपरेकॉर्डर उघडून नीट करून दिला, नवी कॅसेटही कुठूनतरी शोधून दिली. मी तो नवा अल्बम स्पीकरवर लावला, समोर टेपरेकॉर्डर ठेवला, दोन बटणं एकदम दाबली, घरातल्या सगळ्यांना सांगितलं, एक शब्द बोलायचा नाही. आणि मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. थांबलं. एक. मी ओरडले, अगदी तिच्यासारखं, मानेच्या शिरा ताणून. आणि आतून मुलगी चिडून, "अगं बंदच आहे गॅस, आई!"

धाडकन.

परत नाही केलं रेकॉर्ड. राहू दे म्हटलं.

आणि मंडळात गेल्या रविवारी मला पूर्ण मत मिळालं, ठराव करून, टाळ्या वाजवून. आता त्यांना वाटलं मी ते सरळ लाइव्हला टाकीन. मी म्हटलं, मत माझं आहे, मी ते कसंही वाटेन. अर्धं त्या गोदामातल्या सहाशे जणांना. आणि अर्धं माझ्या कॅसेटला, कारण काहीही झालं तरी मी घरात ऐकणारी बाई.

इलेक्ट्रिशियनने कानामागची पेन्सिल काढली, बराच वेळ हिशेब केला, आणि म्हणाला, "लाइव्ह, साडेसहा. अल्बम..."

आणि माझ्याकडे बघितलं.

"...अर्धा."