हेडमास्तरांची मूठ

मेंदूच्या डॉक्टरांकडे नंबर लागेपर्यंत शिंप्याला दोनच गोष्टी टाळायच्या होत्या: भिंतीवरचं मेंदूचं चित्र बघणं आणि शेजारच्या बापलेकीचं बोलणं ऐकणं. पहिली जमली.

"बाबा, मूठ उघडा."

"कशाला?"

"उघडा म्हणते ना! अगंबाई, तारीख, वार, डॉक्टरांचं नाव... हातावर कॉपी? हेडमास्तर होतात ना तुम्ही?"

"हळू बोल. लोक ऐकतायत."

"पोरांच्या मुठी उघडून त्यांना वर्गाबाहेर काढायचात."

"ती अभ्यास न करता यायची गं. मी सकाळपासून पाठ करतोय, राहतच नाही."

"अहो, इथे कुणी नापास करत नाही. मेंदूतल्या कुठल्या पेशी दमल्यात, ते बघायचंय. हातावरचं वाचून दाखवलंत, तर औषध हाताला देतील."

"मेलेल्या पेशी परत येत नाहीत म्हणे."

"आहेत त्या सांभाळू. द्या हात, पुसते. आणि हे खाली माझं नाव कशाला? ते थोडंच विचारणारेत?"

"ते परीक्षेसाठी नाही."

"मग?"

"घरी जाताना तुला हाक मारावी लागते."

तिने ओल्या रुमालाने तारीख पुसली, वार पुसला, डॉक्टरांचं नाव पुसलं, आणि त्यांची मूठ मिटून दिली.

शिंपी भिंतीवरचं चित्र बघत बसला.