सांध्यांतलं पीठ

हॅलो?

हां ताई, बोल… नाही गं, कसली झोप, भांडी घासत होते. थांब, हात पुसते… हां, आता बोल.

कुंड्या? मस्त आहेत की कुंड्या. त्या कोपऱ्यातल्या वेलीला कळ्या धरल्यात. पाणी रोज घालते… म्हणजे, आता रोज घालते.

काय?

बाबांचा फोन आला होता तुला? कधी?… सकाळी सहाला? आणि नंबर कुणी लावून दिला? त्यांना तर ते आकडे दिसतसुद्धा नाहीत… शेजारच्या काकांनी. बरं.

काय म्हणाले?

… माफी? बाबांनी तुझी माफी मागितली?

अगं आहे मी, आहे. फोन नाही कट झाला. खुर्ची ओढून घेत होते.

हो… हो… तुझ्या स्वयंपाकघराच्या फरशीचंच ते. अगं काही नाही गं, टाइल्सच्या मधले सांधे जरा… ग्राउट थोडं सुटलंय. थोडं म्हणजे, ओट्यापासून फ्रिजपर्यंत… आणि सिंकखाली… हो, म्हणजे जवळजवळ सगळंच आलं त्यात.

कसं सुटलं ते मी काय सांगू? मी काय मिस्त्री आहे?… मिस्त्रीची पोरगी आहे, ठाऊक आहे मला. तू नको सांगूस.

बाळ रडतंय का मागे? घे ना नातीला. आपण नंतर बोलू, काही घाई… बरं. घेतलंय तुझ्या लेकीने. बरं.

अगं, परवा त्यांना घेऊन गेले होते तुझ्या घरी. म्हणाले, ताई रविवारी येणार, एकदा घर बघून येऊ. तुला माहितेय ना त्यांचं, दारातच चपला काढतात आणि अनवाणी फिरतात फरशीवर. डोळ्यांचं काम आता पायांकडे दिलंय. ओट्याजवळ गेले आणि थांबलेच. खाली बसले. बसताना किती वेळ लागतो त्यांना, तरी बसले. सांध्यात नख घातलं… आणि पीठ, ताई. दळणातून यावं तसं पीठ आलं नखाबरोबर.

मग काय, बोटं चोळत बसले कितीतरी वेळ. मग म्हणाले, पाणी जास्त पडलं असणार कालवताना. ही फरशी बसवली तेव्हाच नजर गेली होती, हातही थरथरायचा, मीच हट्टाने केलं. म्हणाले, आयुष्यभर दुसऱ्यांची घरं पक्की केली आणि शेवटचं काम पोरीच्या घरात कच्चं करून ठेवलं.

हो. हेच तुलाही म्हणाले ना? शब्द न् शब्द?

… नाही, जेवत नाहीत धड. म्हणजे ताटावर बसतात. चार घास खातात आणि ताट पुढे सारतात. मी वाढते, ते "पुरे" म्हणतात. काल तर… जाऊ दे.

नाही, जाऊ दे म्हटलं ना… बरं, ऐक. काल त्यांनी हत्यारांची पिशवी काढली पलंगाखालून. ती कॅनव्हासची. करणी, रबरी थापी, लेव्हल, स्पंज, सगळं पुसून भरलं आणि दाराशी नेऊन ठेवलंय. भंगारवाल्याला सांगितलंय यायला. आज… हो, आज. ती करणीसुद्धा, ताई. मुठीत अंगठ्याची खोबण पडलेली ती. लहानपणी तू मला हात लावू द्यायची नाहीस तिला.

अगं मी काय अडवणार? मी कुठल्या तोंडाने…

काही नाही. काही नाही म्हटलं मी.

पाच वर्षं कण हलला नाही, मग आत्ताच कसं? मला काय विचारतेस? हवा बदलली असेल… दमट झालं असेल… सारवासारव नाही करत आहे मी!

चिमे चिमे करू नकोस. तू चिमे म्हणालीस की मला भीती वाटते.

… ताई.

ताई, तू आधी कबूल कर की ओरडणार नाहीस… नाही, कबूल कर… बरं, ओरड. ओरडच तू.

मी रोज जात नव्हते तुझ्या घरी.

शाळेत परीक्षा सुरू झाल्या, पेपरांचे गठ्ठे घरी, आज जाऊ, उद्या जाऊ… तीन आठवडे गेलेच नाही. तू विचारायचीस आणि मी इथे सोफ्यावर बसून सांगायची, हो, आत्ताच घालून आले पाणी. हो… हो, त्या वेलीचंसुद्धा. नाही, मेली नाही, तग धरला तिने.

तेवढंच असतं तर सांगितलं असतं गं. सिंकचा नळ ठिबकत राहिला होता खालून. गेल्या गुरुवारी दार उघडलं तर सगळ्या फरशीला ओल, आणि सांधे काळेकुट्ट. बुरशी. तू त्या फरशीला किती जपतेस. पोछासुद्धा दुसऱ्याला मारू देत नाहीस.

हो, माहितेय मला! सोडा, कोमट पाणी आणि जुना टूथब्रश. जन्मापासून ऐकतेय. एकेक सांधा घासायचा, पुसायचा, वाळू द्यायचा. पण ताई, एवढं स्वयंपाकघर, आणि दुसऱ्या दिवशी माझे नववीचे पेपर तपासून द्यायचे होते. ब्रशने दोन सांधे घासले, अर्धा तास गेला. आणि मग… तुझ्या संडासात ती बाटली दिसली.

हो. ॲसिडची.



हो, मी. त्यांचीच पोरगी. त्यांनी कानीकपाळी ओरडून सांगितलेलं, सिमेंटच्या सांध्याला ॲसिड दाखवायचंसुद्धा नाही. अगं एकदा म्हटलं, काय होतंय. ओतलं, तर असं फसफसलं, वास नाकात गेला, खिडक्या उघडायला धावले, मग खोकत गॅलरीत उभी राहिले. परत आले तर सांधे पांढरेशुभ्र. इतकी खूश झाले मी, तुला सांगते! घरी जाऊन पेपर तपासले, सगळ्यांना चांगले मार्क दिले.

हसू नकोस. तू हसलीस की मला जास्त रडू येतं.

नाही, हे नाही सगळं. अजून आहे.

बाबांनी विचारलं होतं मला. तिथेच, फरशीवर बसल्या बसल्या. मान वर करून म्हणाले, "कुणी ॲसिड टाकलं होतं का गं?" आणि मी म्हटलं… "नाही."

चटकन. विचारसुद्धा केला नाही. पाचवीतल्या पोरासारखं तोंडातून निघून गेलं. आणि त्यांनी लगेच मान हलवली. "मग माझंच चुकलं," म्हणाले. एकदासुद्धा शंका घेतली नाही, ताई. एकदा जरी "नक्की?" म्हणाले असते ना, तर मी सांगून टाकलं असतं.

हो. खोटं आहे हेही. नसतं सांगितलं.

तीन दिवस मी त्यांच्यासमोर बसून वाढतेय. ते ताट सारतात आणि मी म्हणते, "बाबा, थोडं तरी खा." लाज वाटते मला माझ्याच आवाजाची.

सांगणार होते. काल सांगणारच होते, तेवढ्यात ते झोपले. आज सकाळी सांगणार होते, तर फोन… रात्रीपर्यंत नक्की…

थांब. खालून कोण ओरडतंय? आला वाटतं भंगारवाला. हो, तोच… बाबा उठले. पिशवी उचलतायत.

अगं, कळतंय मला! तू तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकू नकोस, इथे… सांगते! सांगते म्हटलं ना! तू फोन ठेवू नकोस फक्त. काही बोलू नकोस, नुसती तिकडे अस.

बाबा! बाबा, ती पिशवी राहू द्या… नाही, आधी माझं ऐका. ताईच आहे फोनवर, तिच्याशी नंतर बोला. बसा ना जरा… बरं, उभे राहा.

बाबा, तुमच्या हातून काही चुकलं नव्हतं. मी ॲसिड ओतलं फरशीवर.

हो. मीच… संडासातलं होतं ते… नाही, पाणी नव्हतं घातलं त्यात. तसंच… नाही, फरशीही भिजवली नव्हती आधी.

अर्धा तास… हो, बाबा. अर्धा तास तसंच ठेवलं.

ताई, थांब… पिशवी खाली ठेवली त्यांनी.

काय बाबा?… खोल? नाही, खोल नाही गेलं. नखभर. मी नंतर एके ठिकाणी स्क्रूड्रायव्हरने खरवडून बघितलं ना… हो, खाली टणक आहे. एकदम टणक. टोक आत जात नव्हतं.

ताई, ऐकलंस? म्हणतायत, अर्धा तास कोरं ॲसिड झेलून नखभरच गेलं. म्हणजे माल बरोबर कालवला होता… अगं रडतायत कसले, त्यांनी भंगारवाल्याला वरूनच हात केला. "जा बाबा, काही द्यायचं नाही" म्हणाले. आवाज बघ कसा आलाय! ऐकू आला ना तुला?

नाही… माझ्यावर नाही रागावले.

तेच तर, ताई. ओरडले असते तर बरं झालं असतं. दोन धपाटे घातले असते तरी चाललं असतं.

एवढंच म्हणाले…

म्हणाले, "मी तुला विचारलं होतं."

हो. बस, एवढंच.



हां, चपला घालतायत. कुठे निघालात बाबा?… तुझ्याकडे, ताई. किल्ली मागतायत. तू रविवारी यायच्या आत सगळे सांधे उकरून नव्याने भरायचे म्हणे… छे, ते कशाला बसतील खाली! ते स्टुलावर बसून सांगणार आणि मी करणार. पहिल्या सांध्यापासून शेवटच्या सांध्यापर्यंत, माझ्या हाताने… पेपर? राहू देत पेपर.

आले, बाबा! आले!… भात गरम करू का आधी, दोन घास खाऊन निघू?… बरं. आल्यावर खाणार म्हणतायत. पोटभर वाढ म्हणाले. ऐकलंस ना?

पिशवी? पिशवी त्यांनी माझ्या खांद्यावर दिली. काही न बोलता.

नाही गं, रडत नाहीये. जड आहे नुसती… ठेवते.