आमचं लग्न तेवढं चालत नाही

नाही, पण मी म्हणते, बाकीच्या सगळ्या सीड्या चालतात तर आमचं लग्नच का चालू नये? पिक्चरची चालते, आरत्यांची चालते, शेजारच्या रघ्याने कोंबडीपालनाची कुठून तरी फुकट आणलेली, तीसुद्धा चालते, पिल्लंन्‌पिल्लं स्वच्छ दिसतात... आणि आमच्या लग्नाची घातली की लॅपटॉप आधी घर्रर्र करतो, मग टिक टिक टिक, मग मोठा उसासा टाकतो आणि वर आम्हालाच सांगतो, कृपया डिस्क घाला. अरे बाबा, घातलीये की, तुझ्या पोटातच आहे ती! तुम्हाला सांगते, सगळं चालतं, आमचं लग्न तेवढं चालत नाही.

आता तुम्ही म्हणाल, लग्नाला इतकी वर्षं झाली, आता बघून करायचंय काय? मीही तेच म्हणत होते. पण प्रश्न बघण्याचा नव्हताच हो, प्रश्न पोरीच्या नावाचा होता. थांबा, नीट सांगते. आमच्या घरी फार उशिरा पाळणा हलला. यंदा पावसाळ्याच्या तोंडावर मुलगी झाली. आणि बारसं म्हटलं की आत्या आलीच, तिने कानात नाव सांगायचं, मग ते नाव. तर आमच्या मुलीला सख्खी आत्या एकच, सुषमाताई, ह्यांची मोठी बहीण, झाईला दिलेली. ह्यांनी मोठ्या हौसेने फोन लावला, मलाही ऐकू यावं म्हणून स्पीकरवर, आणि ऐकलं काय? "तुझ्या लग्नात माझा मान ठेवला नाहीस दिपक. आता पोरीच्या कानात बोलायला मी आठवले का?" आणि फोन बंद.

पाळण्याला बांधायला फुगे आणले होते ह्यांनी. हे डहाणूला फुग्यांच्या कारखान्यात मशीन सांभाळतात, आमच्याकडे फुग्यांना तोटा नाही. ते फुगे तसेच पिशवीत राहिले.

आता मान म्हणजे साडी, असं ह्यांनीच धरून टाकलं. "ताई म्हणते साडी दिली नाही. मी म्हणतो दिली. मला चांगली आठवते, मोरपंखी, ती नेसून फिरत होती मांडवात. शूटिंग आहे ना आपल्याकडे? ते दाखवतो तिला. मग बघू काय बोलते." मी म्हटलं, अहो, साडी-बिडी काही बोलल्या नाहीत त्या, मान म्हणाल्या. तर म्हणाले, "बायकांचा मान म्हणजे साडीच." आता ह्यावर मी काय बोलणार? मी बायको आहे, मला काय कळतंय बायकांचं.

तर काढल्या सीड्या. तीन. हळद, लग्न आणि वरात. आणि तिन्ही बंद!

आमच्या ह्यांचा एक स्वभाव आहे. कारखान्यात एखादा फुगा फुटला ना, तर बाकीचे दुसरा फुगवतात, हे बसून तो का फुटला ते शोधतात. त्यामुळे लॅपटॉप बंद करून चालू केला, चालू करून बंद केला, उलटा केला, तिरका धरला, मोबाइलवर एका मुलाचा व्हिडिओ बघून आतलं काय ते सॉफ्टवेअर उडवलं, परत घातलं... कोंबड्या चालल्या. लग्न नाही. लेन्स म्हणून आत एक बारीक भिंग असतं, ते कापूस लावलेल्या काडीने पुसलं, अगदी पोरीचा डोळा पुसावा तसं. आरत्या चालल्या. लग्न नाही. मी मेली पोरीला मांडीवर घेऊन बघतेय, पोर एकदा लॅपटॉपकडे बघते, एकदा बापाकडे, आणि बापाला तिच्याकडे बघायला वेळ नाही.

मग लॅपटॉप उचलून डहाणूला, स्टेशनाजवळ मनिषभाईचं दुकान आहे, तिथे. मनिषभाईने सीडी उजेडात धरली, एक डोळा मिटला, आणि म्हणाला, "भाभी, लेन्स वीक थई गई छे. कंपनीची सीडी वाचते, घरी बनवलेली वाचत नाय, ए जूनी बीमारी छे." हे म्हणाले, पण हिच्यावर हे बारीक ओरखडे कसले? "ड्राइव्ह खाते ने! डिस्क खाते!" मी म्हटलं, मग कोंबड्यांची का नाही खाल्ली? तर मनिषभाई म्हणतो, "तलासरी साइडला जमीन हलते ने भाभी, त्यात लेन्स सरकली असेल." घ्या. आमच्याकडे अधूनमधून धक्के बसतात हे खरंय, भांडी वाजतात, आम्ही बाहेर येतो, परत आत जातो. पण म्हणजे भूकंप आला तो पण कोंबड्या सोडून नेमका आमच्या लग्नावर आला? ह्यांना पटलं! नवीन ड्राइव्ह टाकून घेतली. घरी आलो. घर्रर्र, टिक टिक टिक, उसासा. सगळं चालतं, आमचं लग्न तेवढं चालत नाही.

इकडे पोरीला नाव नाही. लसीच्या डोसाच्या कार्डावर 'पुष्पाची बेबी'. नर्सबाई दर वेळी विचारते, अजून बेबीच का? पाड्यातल्या बायका मला अडवतात, काय गं, नाव काय ठेवलं, मी म्हणते ठेवतोय. शेजारीच ह्यांची चुलतबहीण चिमी, ती तर रोज नटूनच बसलेली, "मी पण आत्याच हाय ना वहिनी, आणा इकडं पोरीला, सांगते कानात, दोन मिंटाचं काम." चिमी वाईट नाही हो, पण जिथे कोणाची जागा रिकामी दिसली तिथे आधीच उभी असते. मीही थकले होते, मी म्हटलं, अहो, घेऊ या का चिमीकडून? तेव्हा ह्यांनी पहिल्यांदा लॅपटॉपवरून मान वर केली. म्हणाले, "नाही. ताई नाव ठेवेल, नाहीतर नाव नाही." आणि परत मान खाली. मला रागही आला आणि, खरं सांगू, बरंही वाटलं.

शूटिंगवाल्याला विचारलं, मूळ शूटिंग आहे का? तो केव्हाच धंदा सोडून चिकूच्या व्यापारात गेलेला. म्हणाला, "तो कॉम्प्युटर कधीच भंगारात गेला दादा. चिकू पाहिजेत का?" आम्ही चिकू घेऊन आलो.

मग बोर्डीचे रविंद्र सर, कॉम्प्युटर शिकवतात. त्यांच्याकडे बाहेरून वायरने लावायची ड्राइव्ह होती, ती दोन दिवसांसाठी मागून आणली. ती लावली... घर्रर्र सुद्धा नाही. ही तर थोरामोठ्यांच्या घरची, नुसता दिवा मिचकावला आणि गप्प बसली. आता तीन ड्राइव्ह झाल्या. तीन तीन मशीनना एकदम एकच रोग कसा होईल, हे मला बाईमाणसाला कळतंय. ह्यांना पण कळलं, पण उलटं कळलं. म्हणाले, "म्हणजे सीडीवरचे ओरखडे घालवले की काम झालं." परत तो मोबाइलवाला मुलगा. तो सांगतो, टूथपेस्ट लावा, मऊ फडक्याने, आतून बाहेर, हलक्या हाताने. झालं, ओटीवर बसले माझी टूथपेस्ट घेऊन. आमच्या सासूबाई रखमीबाई समोर सूप घेऊन बसलेल्या, तांदूळ निवडत. बराच वेळ बघितलं त्यांनी. मग म्हणाल्या, "पेश्टीनं काय निघतंय? राखेनं घास. राखेनं मस्त निघतं."

"आई, तुला कळत नाही त्यातलं."

"नाय तं नाय," म्हणाल्या, आणि परत सुपात बघायला लागल्या. आता तुम्ही हुशार लोक, तुमच्या लक्षात आलं असेल. आमच्या नाही आलं. आम्ही टूथपेस्ट घासली. लग्नाला पेपरमिंटचा वास यायला लागला. पण चाललं नाही ते नाहीच.

असे दिवस गेले. पाऊस संपत आला, भात निसवलं, दाणा भरायला लागला. एका सकाळी हे तिन्ही सीड्या समोर मांडून बसलेले, कपाळाला हात लावून, आणि सासूबाई आल्या, हातात सुतळी. उभ्या राहिल्या. आणि म्हणाल्या, "दिप्या, त्या तीन चकत्या झाल्या का तुझ्या बघून? पोपट यायला लागलेत भातावर."

हे म्हणाले, "कुठल्या चकत्या?"

"ह्याच की. दरवर्षी नेते ना मी बांधायला. वाऱ्यावर फिरतात, चमकतात, एक पोपट नाय बसत."

मी पोरीला घट्ट धरलं. हे म्हणाले, "आई... दरवर्षी?"

"तं काय! पण नेली तशी नाय ठेवत हो मी. भात कापलं की काढून आणते, राखेनं घासते, काथ्यानं घासते, धुते, वाळवते, मग ठेवते जिथली तिथं. दुसऱ्याची वस्तू घाण परत देतात का कधी?"

म्हणजे आमची हळद, आमचं लग्न, आमची वरात, दर सालच्या उन्हात पोपटांसमोर गरगर फिरलेली, आणि वर काथ्याने घासलेली! मनिषभाईची लेन्स निर्दोष. भूकंप निर्दोष. मी म्हटलं, आई, पण ह्याच का? कोंबड्यांची का नाही नेली? तर म्हणाल्या, "ती रघ्याची हाय. आरत्या देवाच्या. पिक्चर तुम्ही बघता. ह्या कोणीच बघत नाय. लग्न झालंय ना तुमचं? मग?"

ह्यांनी त्या तिन्ही सीड्या उचलल्या, आईच्या हातात दिल्या, पाय धुतले, शर्ट घातला. मला म्हणाले, "पोरीला गुंडाळ. झाईला जायचं." मी म्हटलं, पुरावा? "नाही पुरावा. असंच जायचं."

गेलो मोटारसायकलवर, डहाणूला वळण घेऊन, कारण रस्त्यात मोरपंखी साडी घ्यायची होती. बोर्डीला सरांची ड्राइव्ह परत केली, दोन दिवसांची म्हणून आणलेली ती एवढे दिवस राहिलेली, मग समुद्राच्या कडेकडेने, पोर माझ्या छातीशी. ताई अंगणात सुकट पसरत होत्या. आम्हाला बघून हात पुसले, या म्हणाल्या नाहीत. ह्यांनी साडी पुढे केली. "ताई, सीडी चालत नाही. दाखवायला काही नाही माझ्याकडे. साडी दिली होती असं मला वाटतं. नसेल दिली तर ही घे."

ताईंनी साडीला हात लावला नाही. म्हणाल्या, "साडी दिली होती रे. मोरपंखी. आईने दिली, म्हणाली नेसून ये, मग दिवा घेऊन उभी राहा दिपकच्या मागे, करवलीचा मान तुझा. मी आत नेसत होते. तोंडात पिना होत्या. बाहेर कोणीतरी ओरडलं, मुहूर्त टळतोय, सुषमा कुठाय? आणि तू म्हणालास, होऊ द्या, ताई येईल मागून. मी आले मागून. दिवा चिमीच्या हातात होता. हार पडले होते."

मी ह्यांच्याकडे बघितलं नाही. बघवलं नाही. आणि मनात काय आलं सांगू? सीडी चालली असती ना, तर दिसलं असतं काय? चिमी! हे पुरावा म्हणून घेऊन जाणार होते चिमीचा फोटो. सासूबाईंनी राख लावून अब्रू वाचवली आमची.

तेवढ्यात पोर उठली, रडायला लागली. ताई न राहवून जवळ आल्या, तिच्या तोंडावरचं फडकं बाजूला केलं. "काय नाव हिचं?"

"नाही ठेवलं."

"अजून? चिमी आहे ना शेजारी."

हे म्हणाले, "तू यायची होतीस."

एवढंच. तेव्हा थांबला नव्हता माणूस दोन मिनिटं, आता अख्खा पावसाळा थांबला. ताई पोरीकडे बघत राहिल्या, मग तिला माझ्या हातातून घेतलं, वळल्या आणि आत जाता जाता म्हणाल्या, "सुकट उचल रे दिपक, कावळे नेतील. मी पिशवी भरते." नाव तर त्यांनी पोर जन्मली त्या रात्रीच ठरवून ठेवलं होतं. प्राजक्ता. आमच्या घरी येऊन इतक्या वर्षांत पहिल्यांदा चहा घेतला ताईंनी, दोन कप, आणि बारशाला नवी मोरपंखी नेसून पाळण्याशी अशा उभ्या राहिल्या की चिमीला पाय ठेवायला जागा नाही.

आणि हो, शूटिंग केलं बारशाचं. नवा पोरगा आहे, सुरज, तो म्हणाला, "वहिनी, सीडी कोण बघतं आता, पेन ड्राइव्हमध्ये देतो." मी म्हटलं दे. तर मागून सासूबाईंनी विचारलं, "ते चमकतं का?"

आता काय सांगायचं? सीड्याच सांगितल्या. तीन. एक आमची, एक ताईंची आणि एक भाताची. आणि भाताची आधी दे म्हटलं बाबा, आमचं काही नाही, आम्हाला थांबायची सवय झालीये... पोपट थांबत नाहीत.