आवाज बंद करून

मालिकांवर वाद तुम्ही काय घालताय, खरे चाहते आमच्या घरी येऊन बघा. माझे वडील अप्पा आणि त्यांचे मित्र नरसय्याकाका. दोघांचा जन्म सोलापूरच्या यंत्रमागांवर गेला आणि कानही तिथंच गेले. त्या खडखडाटात ओठ आणि हातवारे बघूनच बोलायची सवय, म्हणून रोज संध्याकाळची विनोदी मालिकाही दोघं आवाज बंद करून बघतात आणि कोण काय म्हणालं यावर भांडतात.

अप्पा म्हणायचे, "बायको म्हणतीया, जेवून जा."

"न्हाय, लवकर ये म्हणाली की," काका अडून बसायचे.

परवा मी अप्पांना कानाचं मशीन आणलं आणि टीव्हीचा आवाज लावला. मालिकेतली बायको नवऱ्यावर खेकसत होती, "तोंड बघायचं नाही मला तुझं." मागून हशा.

काकांनी हातानंच विचारलं, काय म्हणाली?

अप्पा काकांकडे वळले. मग काकांना दिसतील असे ओठ हलवत म्हणाले, "तुझंच खरं हाय. लवकर ये म्हणाली."

मशीन काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. "हे सकाळचं लावत जाईन. संध्याकाळी नको. आमच्या मालिकेत असलं कोण बोलत न्हाय."